कार्डाच्या कोपऱ्यातला ठिपका

निर्मलाने चपला दारात काढल्या, पण ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "बाई, चावी काढून घेतली माझ्याकडून."

दुपारचे साडेचार वाजले होते. या वेळी ती नेहमी कामावर असते. सोलापुरातल्या एका मुलांच्या रुग्णालयात ती बावीस वर्षं नोकरी करते आहे, त्यातली नऊ मेट्रन म्हणून. तिच्या कमरेला एक चावी असायची. मॉर्फीन आणि तसल्या कडक औषधांच्या कपाटाची. भाजलेलं मूल, शस्त्रक्रिया झालेलं मूल कळवळायला लागलं की डॉक्टर सांगत आणि निर्मला ते कपाट उघडत असे. मी तिला सातवीत शिकवलं होतं. तेव्हा ती फळा पुसायचं काम मागून घ्यायची आणि कोपरेसुद्धा पुसायची.

"कुणी काढून घेतली?" मी विचारलं.

"संचालकांनी. हात जोडून. म्हणाले, सिस्टर, आमचा तुमच्यावर अविश्वास नाही, पण नियम आहे. आता चावी अश्विनीकडे. तिला लागून दोन वर्षं झालीत."

"नियम कसला?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर 'परिचय' उघडलेलं होतं.

'परिचय' आता सगळ्यांनाच माहीत आहे, पण ज्यांनी कधी वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुणाचंही नाव टाका किंवा फोन चेहऱ्यापुढे धरा, ते यंत्र त्या माणसाचं पंधरा-वीस ओळींचं चरित्र लिहून देतं. शाळेच्या नोंदी, वर्तमानपत्रं, स्मरणिका, जुने कोश, जे जे छापलेलं आणि लिहिलेलं सापडेल ते वाचून लिहितं. त्यात जात आणि धर्म लिहायला कायद्याने बंदी आहे. तो कायदा झाला तेव्हा मी मुलांना पेढे वाटले होते.

निर्मलाचं चरित्र छान लिहिलेलं होतं. शिक्षण, नोकरी, साथीच्या काळात तिने केलेलं काम. शेवटी एक नवी ओळ होती :

'या व्यक्तीच्या माहितीत मुद्दाम मोकळी ठेवलेली एक जागा आहे. शक्यता : ९४ टक्के.'

"गेल्या महिन्यात कुठेतरी बोगस डॉक्टर सापडला ना," निर्मला म्हणाली, "तेव्हापासून ही ओळ यायला लागली. कोण काय लपवतंय ते लोकांना कळावं म्हणून. आणि रुग्णालयाचा नियम असा, की कडक औषधांची चावी ज्याच्याकडे, त्याचा परिचय पूर्ण पाहिजे." तिने फोन मागे घेतला. "बाई, मी काय लपवलंय? माझी सगळी प्रमाणपत्रं फायलीत आहेत."

  ती मोकळी जागा मला माहीत होती. ती मीच ठेवली होती.

*

निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी मी जिल्ह्याचा एक बालचरित्रकोश सुरू केला. आपल्या गावात कोण कोण होऊन गेलं, कोण काय काम करतं, हे मुलांना वाचायला मिळावं एवढाच हेतू. एका माणसाचं एक कार्ड. मोठ्या लोकांबरोबर त्यात दाई आहेत, चादरीची नक्षी काढणारे आहेत, तलावात बुडणाऱ्या अकरा जणांना वाचवणारा एक पानवाला आहे. एकूण एक हजार नऊशे चार कार्डं. माझ्या मागच्या खोलीत लाकडी खणांत ती लावलेली आहेत.

पहिल्या वर्षीच प्रश्न आला, माणसाची जात, जमात, धर्म लिहायचा की नाही? लिहिला तर मुलं पुढचं वाचायच्या आत मनात खूणगाठ बांधतात. नाही लिहिला तर एखादा माणूस कुठून उठून कुठे पोचला हे कळतच नाही. जिना न दाखवता गच्ची दाखवल्यासारखं होतं. मी पुष्कळ विचार करून नियम केला : ज्याचं त्याला विचारायचं. हो म्हणाला तर लिहायचं, नको म्हणाला तर नाही.

निर्मलाला विचारलं तेव्हा तिने दोन दिवस मागून घेतले. मग येऊन इथेच, या खुर्चीत बसून सांगितलं. इंग्रजांच्या राज्यात काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. बायकापोरांसकट त्यांना तारेच्या कुंपणात ठेवत. निर्मलाचे आजोबा तसल्या कुंपणात जन्मले. दिवसातून दोनदा हजेरी द्यायची, परगावी जायचं तर परवाना काढायचा. स्वातंत्र्यानंतर कुंपण गेलं. पण गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पोलीस आधी त्यांच्याकडे यायचे. तिचे वडील मरताना म्हणाले होते, "आता कुणाला सांगू नकोस. तुझ्यापाशी संपू दे."

"नका लिहू, बाई," निर्मला म्हणाली होती. मी नाही लिहिलं.

(इथेही जमातीचं नाव लिहिलेलं नाही. नावं बदलली आहेत. एवढं सांगितलेलं चालेल असं तिने स्वतः वाचून सांगितलं आहे.)

आता ठिपक्याची गोष्ट. कोशाच्या कामाला माझ्याकडे स्वयंसेवक येत. त्यातल्या एका उत्साही बाईंनी एकदा एका पैलवानांना फोन केला. "तुमच्या कार्डावर जात राहिलीय, सांगता का?" त्यांनी आधीच मला एकदा नको म्हणून सांगितलं होतं. पुन्हा विचारल्यावर ते इतके दुखावले की वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी एक पद्धत पाडली. ज्याने नको म्हटलं, त्याच्या कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने एक बारीक ठिपका ठेवायचा. अर्थ असा, की विचारून झालं आहे, पुन्हा विचारू नका. मोहरीएवढा ठिपका. त्याचा अर्थ मी आणि माझे स्वयंसेवक सोडून कुणाला ठाऊक नव्हता.

चार वर्षांपूर्वी 'परिचय'ची माणसं आली आणि सगळ्या कार्डांची चित्रं काढून घेऊन गेली. मी आनंदाने दिली. चहा केला त्यांना.

*

त्या माणसांत तौफिक नदाफ होता. हाही माझाच विद्यार्थी. आता चाळिशी ओलांडलेला, 'परिचय'च्या इथल्या केंद्रात इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावलं. निर्मलाही आली. मी एक कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

तो बराच वेळ बघत राहिला. "हे काय आहे, बाई?"

मी सांगितलं. त्याने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"आम्ही त्याला ठिपका शिकवला नाही," तो म्हणाला. "पण ते अक्षरंच वाचतं असं नाही, सगळं चित्र बघतं. चहाचे डाग, टाचणीची भोकं, सगळं. चहाच्या डागाचा कशाशीच मेळ बसला नाही, म्हणून सोडून दिला. ठिपक्याचा बसला."

"कशाशी?"

"जिथे ठिपका, तिथे आणखी काय काय सारखं आहे ते त्याने पाहिलं असणार. शाळा लिहिलेली असते पण जन्मगाव नसतं. वडिलांचं नाव असतं, काम नसतं. आजोबा तर नसतातच. लहानपणचा फोटो नसतो. हे सगळं जुळलं की ते म्हणतं, इथे मोकळी जागा आहे. आणि एकदा हे कळल्यावर त्याला तुमच्या ठिपक्याची गरज उरली नाही. ज्यांचं कार्ड तुम्ही कधी केलंच नाही, त्यांच्या चरित्रातही ते तशी जागा शोधत सुटलं. राज्यभर."

"पण जात लिहायची नाही म्हणून कायदा आहे," मी म्हणाले.

"लिहिलीय कुठे? कुठली जात ते त्याला माहीतही नसेल. काहीतरी गाळलंय एवढंच ते सांगतं."

 निर्मला म्हणाली, "बाई, खडूचा खेळ."

मला लगेच आठवलं. वर्गात शेवटचा तास रिकामा मिळाला की मी खडू लपवायचे. मुलांनी डोळे मिटायचे, मी खडू कुठेतरी ठेवायचे, मग त्यांनी शोधायचा. कितीही अवघड जागी ठेवला तरी दोन मिनिटांत सापडायचा. मला वाटायचं, किती हुशार वर्ग आहे. वर्षअखेरीला निर्मलानेच गुपित फोडलं होतं, "बाई, तुम्ही खडू ठेवलाय तिकडे बघतच नाही. बाकी सगळीकडे बघता."

यंत्रानेही तेच केलं. मी जिथून नजर काढून घेतली, तिथे त्याने बोट ठेवलं.

"तू सांभाळून राहा रे," मी तौफिकला म्हणाले. "तुझ्या परिचयात आली का ती ओळ?"

"माझं नावच ठिपका आहे, बाई," तो हसला. "माझ्याबाबतीत त्याला काही शोधावं लागत नाही."

त्याच्याबरोबर आम्हीही हसलो. 

*

पुढच्या आठवड्यात मला गावाची भीती वाटायला लागली. चौऱ्याहत्तर वर्षं ज्या गावात काढली, त्याची.

मंडईत एक माणूस वांगी निवडत होता. मागे दोन बायका उभ्या होत्या. एकीने फोन त्याच्याकडे धरला, दुसरीने वाकून पाहिलं, आणि दोघी पलीकडच्या गाड्यावर गेल्या. त्याला काही कळलंच नाही. तो वांगी निवडतच राहिला. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. तो माझ्या दोनशे बारा ठिपक्यांतला नव्हता. पण त्याला शोधायला त्या यंत्राला मी शिकवलं होतं.

भाड्याच्या खोल्यांच्या पाट्यांवर नवी ओळ आली, 'पूर्ण परिचय असल्यासच चौकशी करावी.' फोनवर याद्या फिरू लागल्या. 'आपल्या भागातले मोकळी जागावाले.' कुणी केल्या, ठाऊक नाही. मी एक यादी उघडली आणि ठिपकेवाल्यांना ओळखत गेले. तिसऱ्या नंबरावर एक शिक्षिका होत्या, त्यांनी दुसऱ्या धर्मात लग्न केलं होतं. सातव्यावर एक गृहस्थ, त्यांना आईने एकटीने वाढवलं होतं. अकराव्यावर एक जुने समाजवादी, ते केवळ तत्त्व म्हणून म्हणाले होते, "जात मी मानत नाही, तर लिहू कशाला?" ही सगळी माणसं माझ्याशी वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या आवाजांत बोलली होती. यादीत ती एकाखाली एक, सारखी दिसत होती.

त्या शिक्षिकेच्या घरी चार जण येऊन गेले. "सहज विचारायला आलोय," म्हणाले. त्यांनी चहासुद्धा घेतला. रविवारी त्या बाईंनी घराला कुलूप लावलं ते अजून आहे.

पैलवानांना मी फोन केला. ते म्हणाले, "तुम्हाला मी दोनदा नको म्हणालो होतो, बाई," आणि फोन ठेवला.

*

तौफिकने एक वाट सांगितली. 'परिचय' दर सहा महिन्यांनी मूळ कागद पुन्हा वाचतं. पुढची वाचणी पंधरा मार्चला, म्हणजे एकोणीस दिवसांनी. कोश माझा, तेव्हा मी कार्डांवर जो बदल करीन तो ते मानणार.

"ठिपके खोडून टाकते," मी म्हणाले.

"खोडलेलं आणखी ठळक दिसेल. जुनी चित्रं आहेत त्याच्याकडे."

"कार्डंच काढून घेते."

"तुम्ही वही फाडलीत म्हणून मुलं पाढे विसरतात का, बाई?"

मग तो निर्मलाकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही स्वतः लिहिलंत तर ओळ जाईल. लगेच. परिचयात तशी सोय आहे. यंत्राने लिहायला बंदी आहे, माणसाने स्वतःहून भरायला नाही."

निर्मला उठून खिडकीपाशी गेली. "चावी परत मिळेल?"

"मिळेल. परिचय पूर्ण होईल ना."

"म्हणजे मी सांगायचं, मी अमक्या जमातीची, इथे हजर आहे. मग चावी." ती वळली. "आजोबा रोज दोनदा हेच करायचे. मी नाही करणार, तौफिक. चावी गेली तर गेली."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

मग मीच विचारलं, "ठिपका सगळ्यांच्याच कार्डावर असला तर?"

तौफिक सरळ बसला. "तर तो कशाचीच खूण राहणार नाही. निम्म्या कार्डांवर असला तरी पुरे. नऊशे बावन्न. यंत्राला वाटेल, ही काहीतरी छापखान्याची खूण आहे, आणि तिच्यावरून बांधलेले बाकीचे अंदाजही ते सोडून देईल."

पण ठिपक्याला अर्थ होता. 'विचारलं, नको म्हणाले.' न विचारता ठेवला तर खोटा. म्हणून मी फोन करायचं ठरवलं. पहिला केला बळीराम सरवद्यांना. गिरणीत चाळीस वर्षं काम केलेले, आता ऐंशीचे. त्यांच्या दोन पुस्तकांनी माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना धीर दिला आहे. त्यांच्या कार्डावर त्यांची जात, त्यांची वस्ती, सगळं त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलेलं आहे. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि ते खोडून ठिपका ठेवू का, असं विचारलं.

"काय ओ बाई," ते म्हणाले. "ते लिहायला मला पन्नास वर्षं लागली, आणि तुम्ही फोनवर खोडायला मागताय?"

"एका मुलीसाठी मागतेय."

"ते कळलं की. पण मी लपलो तर माझ्यामागून येणाऱ्या पोरांना काय वाटेल, की ही लपायची गोष्ट आहे. त्या मुलीला न सांगायचा हक्क आहे, मला सांगायचा आहे. दोन्ही राहू द्या." मग त्यांनी विचारलं, "बाई, एक विचारू? तुमच्या कोशात तुमचं कार्ड आहे का?"

"आहे. प्रकाशकांनी आग्रह केला म्हणून."

"त्यावर तुमची जात आहे?"

"नाही."

"ठिपका?"

"तोही नाही."

"तुम्हाला कुणी विचारलंच नाही ना," सरवदे म्हणाले. "जरा बघा, आणखी कुणाकुणाला विचारलं नाही."

फोन ठेवून मी खण उघडले आणि कार्डांचे ढीग करायला लागले. संध्याकाळपर्यंत तीन ढीग झाले. ज्यांवर लिहिलेलं आहे ती सहाशे चौदा. ठिपक्याची दोनशे बारा. आणि तिसरा ढीग एक हजार अठ्ठ्याहत्तरांचा. त्यांवर लिहिलेलंही नव्हतं, ठिपकाही नव्हता. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, पेढ्यांचे मालक, संगीतशिक्षक. त्यांना मी विचारलंच नव्हतं. तीस वर्षं मी सांगत आले, ज्याचं त्याला विचारते. पण विचारलं होतं फक्त त्यांना, ज्यांच्याकडे विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलं. बाकीच्यांना मी नुसती माणसं धरून चालले. स्वतःला तर धरलंच.

यंत्राने ठिपक्याआधी हेच पाहिलं असणार, की या बाई कुणाला विचारतात.

*

सतरा दिवस मी फोन करत होते. निर्मला संध्याकाळी येऊन कार्डं काढून द्यायची. जे हयात नव्हते त्यांच्या मुलांना विचारलं.

"तुमची पार्श्वभूमी कार्डावर लिहू, की नको म्हणून ठिपका ठेवू?"

"आमची? आमची कशाला?" बहुतेक सगळ्यांचं पहिलं उत्तर हे. मग, "लिहा की, त्यात काय." त्यांना त्यात खरोखरच काही नव्हतं. लिहिल्याने त्यांचं काही जाणार नव्हतं.

मी मात्र सगळ्यांना खरं सांगत होते, की एका माणसासाठी ठिपका मागते आहे. डोळ्यांचे एक नामांकित डॉक्टर, माझ्या चष्म्याचे पैसे कधी न घेणारे, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ठिपका ठेवला तर माझ्या परिचयात ती ओळ येईल?"

"निम्मे ठिपके जमले नाहीत तर येईल, डॉक्टर."

"आणि पेशंट वाचतील."

"हो."

 "मला माफ करा, बाई," ते म्हणाले.

मी कुणाला दोष देत नाही. त्यांच्या आवाजातली भीती मला ओळखता आली, ती आता माझ्याकडेही होती. एक नव्वदीच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "ठेवा ठेवा. माझ्याकडून आता कोण काय काढून घेणारे? दात होते, तेही गेले." त्या दिवशी निर्मला पहिल्यांदा मनापासून हसली.

एक हजार अठ्ठ्याहत्तरांतून ठिपका मिळाला एकेचाळीस जणांचा. बेचाळिसावं कार्ड माझं. पेन्सिलीला टोक काढून मी कोपऱ्यात ठिपका ठेवला. ज्यांनी 'लिहा' म्हटलं त्यांचं मी वहीत टिपून ठेवलं, कार्डांवर चढवलं नाही, कारण त्याने ठिपके आणखी उघडे पडले असते. 'लिहा' म्हटलेलं न लिहिण्याची माझी ती पहिलीच वेळ.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. वाचणीच्या दोन दिवस आधी तौफिक आला, तो दारातूनच बोलायला लागला.

"बाई, तुम्ही ज्यांना फोन केलेत ना, त्यांनी स्वतःच आपल्या परिचयात जात भरायला सुरुवात केलीय. आपल्यालाही ती ओळ येईल म्हणून घाबरलेत. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी पाव्हण्यांना. गेल्या आठवड्यात गावातून अठरा हजार लोकांनी भरली."

"मग?"

"मग जे भरत नाहीत, ते आणखी उठून दिसणार. उरतायत किती, बघा ना."

वर्गात प्रत्येक मूल आपापलं दप्तर उघडून दाखवायला लागलं, की न उघडलेल्या दप्तराकडे सगळा वर्ग बघतो. त्यात आईने दिलेली चिठ्ठी असली तरी. मी मुलांकडून दप्तरं उघडून घेत सुटले होते.

*

पंधरा मार्च उलटला. सोळाला निर्मलाच्या परिचयात चौऱ्याण्णवचे सत्त्याण्णव झाले होते. माझ्यात ती ओळ पहिल्यांदाच आली. एकोणनव्वद टक्के.

आता हे वाचताना तुम्ही माझ्या आडनावाचा, माझ्या भाषेचा विचार करत असाल. ही बाई कोण असेल? मी आडनाव सांगितलेलं नाही हेही लक्षात आलं असेल. अंदाज बांधला असेलच. मी रागावत नाही. मुलंही तसंच करतात, आणि यंत्रही मुलांसारखंच आपल्याकडे बघून शिकतं.

निर्मलाला मी म्हणाले, "माझ्यामुळे वाढले तुझे तीन."

"तीनाने काय होतंय, बाई," ती म्हणाली. पण त्याच आठवड्यात रुग्णालयात नवा नियम लागला. ज्यांचा परिचय अपूर्ण आहे, त्यांनी पाळीवर येताना आणि जाताना पहारेकऱ्याच्या टेबलावर सही करायची. फक्त त्यांनी. ती पाच जणं आहेत. एकदा एका भाजलेल्या मुलीला मॉर्फीन द्यायचं होतं, अश्विनी जेवायला गेलेली. निर्मला कपाटासमोर अकरा मिनिटं उभी होती. ती मला म्हणाली, "ओरडत होती ती. मी तिचा हात धरून नुसती उभी. कुलपाकडे बघायचीसुद्धा भीती वाटत होती मला. कॅमेऱ्यात दिसलं तर म्हणतील, कुलपाकडे बघत होती."

तिने अजून जमात भरलेली नाही. मी तिला भर असंही म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. मला आता कुणाला काही विचारायचा धीर होत नाही.

दर शनिवारी सकाळी मी एका शाळेत गोष्टी सांगायला जाते. गेल्या शनिवारी फाटकावरच्या काकांनी मला थांबवलं. ते मला वीस वर्षं ओळखतात. त्यांची मुलगी माझ्याकडे शिकली. त्यांनी माझ्याकडे न बघता एक नवी वही पुढे सरकवली.

"वरून सांगितलंय, बाई. पालकांनी विचारलं म्हणे. तुम्ही फक्त नाव आणि वेळ घाला."

वहीत तोवर एकच नाव होतं, स्वयंपाकघरातल्या मावशींचं. मी त्याखाली माझं लिहायला घेतलं. घाईत अक्षर असं आलं, की मुलांचं असतं तर मी रागावले असते. आत वर्गात मुलं माझी वाट बघत होती, खिडकीतून दिसत होती. कुणीतरी खडू उंच धरून मला दाखवत होतं.

तेवढ्यात निर्मलाचा फोन आला.

"बाई, पोचलात का शाळेत?"

"फाटकात आहे. सही करतेय."

 तिच्या मागे रुग्णालयाचा आवाज येत होता, कुठेतरी एक मूल रडत होतं.

"एकदाच, की जातानाही?" तिने विचारलं.

"जातानाही."

"म्हणजे दोनदा." ती म्हणाली. मग अगदी हळू, जणू फाटकावरच्या काकांना ऐकू जाईल म्हणून, "पेन तुमचंच वापरलंत, की त्यांचं?"

मी हातातल्या पेनकडे पाहिलं. त्याला सुतळी होती आणि सुतळीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला होतं.

"त्यांचंच," मी म्हणाले. "बांधलेलं आहे."

"आमच्याकडेही बांधलेलंच आहे, बाई," निर्मला म्हणाली.